मागचं कॅलेंडर स्पष्ट दिसतंय

चौकट ०
(रोल भरताना उजेड लागला, अर्धी जळालेली)

…म्हणून त्या खुर्चीत बसलं की तोंड उघडायचं नाही. दाताच्या दवाखान्यातली अशी खुर्ची दुसरी नसेल. आठवडाभर तिच्यात माणसं आ वासून बसतात, आणि रविवारी दुपारी मात्र तिच्यात बसणाऱ्यानं ओठ मिटून, हात पोटावर ठेवून, आपल्याच फोटोंबद्दल लोक काय काय बोलतात ते निमूट ऐकायचं.

चौकट १

दवाखाना डॉक्टरताईंचा. मागच्या बाजूला एक चिंचोळी अंधारी खोली होती. पूर्वी तिथे दातांच्या एक्स-रेच्या फिल्मा धुतल्या जायच्या. पुढे नवं मशीन आलं, दात थेट पडद्यावर दिसायला लागले आणि खोली ओस पडली. ताईंना रिकामी खोली बघवेना. त्यांनी कुठूनसा फोटो मोठे करून छापायचा एक जुना एनलार्जर पैदा केला, लाल दिवा तर होताच. "रोल धुवायला, प्रिंट काढायला कुणाला जागा हवी असेल तर या हो," असं त्या पेशंटच्या तोंडात आरसा घालून सांगायच्या. पेशंटला हो-नाही म्हणायची सोय नसायची. तरी तिघं आले, आणि येतच राहिले.

एक बेकरीवाला. पहाटे भट्टी लावायची आणि दुपारी झोपायचं सोडून गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडायचं. माणूस लोण्यासारखा. कुणाच्या फोटोला त्यानं वाईट म्हटल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

दुसरे भिंगमामा. नकाशे काढायच्या कचेरीतून निवृत्त झालेले. गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं भिंग. ते भिंग प्रिंटवर टेकवायचे, त्यावर वाकायचे, आणि मग जे बोलायचे त्यानं फोटो काढणाऱ्याचं रक्त आटायचं. ताईंच्या बक्षीस मिळालेल्या फोटोकडे बघून त्यांनी एकदा विचारलं होतं, "ही नदी आहे की कुणी बादली लवंडलीय?" ताईंनी त्यानंतर त्यांची कवळी दुरुस्तीसाठी महिनाभर फडताळात ठेवून दिली. मामा महिनाभर पेज पीत राहिले, पण शब्द काही मागे घेतला नाही.

तिसरा ड्रायव्हर. शहराच्या बसवर. ही गोष्ट त्याची.

आणि रीत अशी. फोटो दोरीला चिमट्यांनी लटकवायचे. ज्याचे फोटो, तो खुर्चीत. बाकीच्यांनी आधी फक्त डोळ्यांना दिसतं तेवढं सांगायचं. बाई दिसते, टेबल दिसतं, टेबलावर कात्री दिसते. 'सुंदर', 'उदास', 'जमलंय' हे शब्द तोवर बंद. दिसतं ते संपलं की मग वाटतं ते. खुर्चीतल्यानं मधे बोलायचं नाही. 'त्या दिवशी उजेडच नव्हता' आणि 'मला मुद्दाम तसंच हवं होतं' या दोन वाक्यांनी पूर्वी इतक्या दुपारी खाल्ल्या होत्या की त्यावर हा उतारा निघाला. अगदीच सोसेना तर डावा हात वर करायचा, दाढ काढताना कळ आली की पेशंट करतो तसा.

आजवर कुणी केला नव्हता.

चौकट २

ड्रायव्हरला काही महिन्यांपासून लांबचं दिसेनासं झालं होतं. म्हणजे तसं त्याला वाटत होतं, आणि वाटायला कारण होतं.

कॅमेरा डोळ्याला लावला की खोलीतलं माणूस लेन्सवरची रिंग फिरवून नीट लागायचं. त्यापलीकडचं काही केल्या लागेना. रिंग टोकाला नेऊन टेकवली तरी रस्त्यापलीकडची झाडं म्हणजे नुसते कापसाचे बोळे. आधी वाटलं, कॅमेरा मळला असेल. पण कॅमेरा तर त्यानं त्याच्या थोडेच दिवस आधी स्वतःच्या हातानं आतून-बाहेरून लख्ख केला होता. कॅमेरा लख्ख, मग धुकं कुठलं? दोघांतला एक सुटला की उरलेल्यावरच बालंट येतं. इथे उरलेला तोच होता.

शिवाय घराण्याचा इतिहास. त्याचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. हात असा, की फूटपट्टी न लावता ओळ ओढावी. पन्नाशी गाठली आणि त्यांचे डोळे गेले. आधी लांबचं गेलं, मग बाजूचं, मग सगळंच. ड्रायव्हर यंदा वडिलांच्या त्या वयाला पोचला होता.

तुम्ही म्हणाल, रोज बस चालवतो, रस्त्यावरच्या पाट्या वाचतो, मग कळत कसं नाही? तीच तर गोम होती. रस्ता वर्षानुवर्षांचा. कोणत्या वळणावर कोणती पाटी, तिच्यावर काय, कोणतं अक्षर उडालंय, सगळं तोंडपाठ. लांबून पाटी दिसली की त्याच्या मनात शब्द हजर व्हायचे आणि लगेच शंका यायची: मी हे वाचलं की मला आठवलं? त्या शंकेवर उपाय नव्हता. तो गाडी इतकी सांभाळून हाकायला लागला की कंडक्टर म्हणाला, "काय हो, आज गाडीत अंडी भरलीत का?"

आणि डेपोतली डोळेतपासणी जवळ येत होती. तिथे नापास म्हणजे चाकावरून उतरायचं, आणि कुठल्यातरी खिडकीमागे बसून दुसऱ्यांच्या गाड्या किती वाजता गेल्या ते बघत बसायचं. पण त्याला खरी धास्ती त्या खिडकीची नव्हती. तिच्यानंतरच्या काळोखाची होती.

चौकट ३
(काळी. लेन्सवरची टोपी काढायची राहिली)

इथे काही घडलं नाही. एका संध्याकाळी तो बायकोला सांगणार होता. तिच्यासमोर नीट बसला, घसा खाकरला आणि म्हणाला, "चहा मस्त झालाय हं."

चहा त्यानंच केला होता.

चौकट ४

या मधल्या काळात भिंगमामा नव्हते. गुडघ्याची शस्त्रक्रिया करून लेकीकडे जाऊन राहिले होते. आणि मामा नाहीत म्हटल्यावर रविवारच्या दुपारीला जरा आळस आला होता. दिसतं ते सांगायची पायरी दोघांनी घाईघाईत उरकायची आणि वाटतं त्यावर ऐसपैस बसायचं.

ड्रायव्हरचे फोटो धूसर यायला लागले तसा बेकरीवाला हरखला. "दादा, तुमच्या हाताला आता काहीतरी वेगळंच लागलंय. चेहरे कसे विरघळल्यासारखे! तरल!" ताईंनाही ते पटलं. "जरा मऊ झालात तुम्ही. आधी फार कडक होतात." ड्रायव्हर खुर्चीत ओठ मिटून बसायचा. बोलायची बंदी पहिल्यांदाच त्याच्या पथ्यावर पडली होती. खुर्चीतून उठल्यावर कुणी विचारलंच, तर तो म्हणायचा, "हो, मुद्दामच." आणि घरी जाताना त्याला स्वतःची लाज वाटायची. दात किडलेल्या माणसाच्या हसण्याला कुणी गोड म्हणावं, तशातली गत.

प्रिंट तो नीट बघायचाही नाही. चेहरा बघायचा, चेहरा गेलेला दिसायचा, की लगेच पाकिटात.

या रविवारी मात्र दार उघडलं तर बाकावर काठी टेकलेली, आणि काठीच्या वर भिंगमामा.

"ये रे सारथ्या. ऐकलं, तू मोठा कलावंत झालास म्हणे."

"मामा! गुडघा कसा आहे?"

"गुडघा नवा आहे, मी जुनाच आहे. काय आणलंयस ते टांग."

ड्रायव्हरनं ठरवलं होतं, आज शेवटचं. आज फोटो टांगायचे, बोलणी खायची, आणि पुढच्या रविवारी घरात काहीतरी काम काढायचं. त्यानं तीन प्रिंट दोरीला लावले आणि खुर्चीत जाऊन बसला. ताईंनी सवयीनं पायानं कळ दाबून खुर्ची मागे कलती केली.

चौकट ५
(आवाज)

"चला, दिसतं तेवढंच. पहिला."

"पहिल्यात… वहिनी सुईत दोरा ओवतायत. फार हळुवार…"

"ए बेकरी. हळुवार दिसत नसतं, वाटतं. दिसतं ते बोल."

"वहिनी दिसतात."

"कशावरून वहिनी?"

"म्हणजे काय मामा? टेबल त्यांचं, साडी त्यांची."

"साडीवरून बाई ओळखतोस? चेहरा दिसतोय का ते सांग."

"चेहरा… असा… आहे."

"नाही. मऊ गोळा आहे. भाकरीचं पीठ. पुढे. ताई, तुम्हाला काय दिसतं?"

"टेबल. काठ पुसट आहे. सुई दिसत नाही, सुई धरल्याची बोटं दिसतात. मागे भिंत. भिंतीवर कॅलेंडर."

"थांबा. कॅलेंडर. तो फोटो ताठ धरा जरा… हां. एकोणीस तारीख. तिच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहिलंय, 'दूध नको'. अक्षर छान आहे वहिनींचं. वहिनी मात्र कुठे दिसत नाहीत."

"अय्या! खरंच वाचता येतंय."

"दुसरा."

"कंडक्टर. बाकावर डुलकी घेतोय. कंडक्टर धूसर, टोपी धूसर, बाक धूसर."

"आणि मागे?"

"मागे बस उभ्या आहेत."

"कशा?"

"स्पष्ट. तिसऱ्या बसची काच तडकलेलीसुद्धा दिसते."

"तिसरा."

"तिसऱ्यात मी आहे, मामा."

"तू आहेस? मला तर पाव दिसतायत. पाव एक नंबर दिसतायत. पावांवरची खसखस मोजून घ्या. त्यांच्यापुढे पांढऱ्या कपड्यातलं कायसं वितळतंय."

"तो मीच. दादांनी फार जवळून काढला होता. मला वाटलं तरल…"

"तरल! अरे, तुझा चेहरा गेला आणि तुझे पाव राहिले, तरी तुला बरंच वाटलं? धंद्याला चांगलं आहे ते, पण फोटोला नाही."

चौकट ६
(एकावर एक दोन उमटल्या: वरची आजची, खालची जुनी)

भिंगमामा वाकून प्रिंटवरचे पाव बघतायत.

वडील शिडीवरून उतरतात. दुकानदाराला पाटी आवडली आहे. ते रस्ता ओलांडून पलीकडे जातात, लांबून आपलं काम बघायला. नेहमीच जातात.

ताई तिन्ही फोटोंसमोरून हळू हळू चालतायत, आणि मग उलट्या दिशेनं.

वडील पलीकडे उभे आहेत. त्यांचे डोळे बारीक झालेत. मुलाला ते हाक मारतात. "पुसट आलंय का रे? रंग पातळ झाला वाटतं."

ड्रायव्हरच्या पाठीला घाम. खुर्चीचं रेक्झिन चिकटतंय.

रंग पातळ झाला नव्हता. लाल रंग होता, असा लाल, की मुलाला तो आजही डोळे मिटून दिसतो.

ड्रायव्हर डोळे मिटतो.

चौकट ७

"एक गंमत आहे," डॉक्टरताई म्हणाल्या. "वाटतंय ते नाही हं, दिसतंय तेच सांगते. तिन्हीत माणूस गेलाय आणि माणसाच्या मागचं आलंय. तिन्हीत. एकदाही पुढचं आलं आणि मागचं गेलं असं नाही."

"मग?" बेकरीवाल्यानं विचारलं.

"मग काय? एखाद्याचे इथले-तिथले दात झिजले तर समजू शकते. एकाच बाजूचे सगळे झिजले की दोष दातांचा नसतो, चावण्याचा असतो. हात हलला असता, नजर चुकली असती, तर कधी पुढे चुकली असती, कधी मागे. ही चूक फार शिस्तीची आहे."

मामांनी भिंग सोडून दिलं. ते छातीवर हिंदकळलं. "बरोबर बोलताय. माणूस इतक्या शिस्तीत चुकत नाही."

तेव्हा खुर्चीतला डावा हात वर गेला.

कुणाच्या आधी लक्षातच आलं नाही. मग ताईंनी पाहिलं आणि त्या सवयीनं झटकन पुढे झाल्या. "थांबा, थांबा. त्यांना दुखतंय."

खुर्ची सरळ झाली. ड्रायव्हरनं तोंड उघडलं आणि जे महिनोन्‌महिने दडवून ठेवलं होतं ते एका दमात बाहेर आलं.

"मी मुद्दाम नव्हतो काढत. मला लांबचं दिसत नाही."

खोलीत फोटो धुवायच्या फिक्सरचा आंबट वास होता, तो अचानक जास्त यायला लागला.

"म्हणजे?" ताई म्हणाल्या.

"डोळे चाललेत. माझ्या वडिलांचे गेले तसेच. घरी सांगितलेलं नाही. डेपोत सांगितलेलं नाही."

बेकरीवाल्याचे डोळे पाण्यानं भरले. त्याला वेळ लागत नाही. पण भिंगमामांनी काठी आपटली. "कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला हवं? कळतंच."

"कशावरून कळतं?"

"कॅमेऱ्यातून बघितलं की…"

"कॅमेरा कुठाय?"

चौकट ८

दुसऱ्याच्या कॅमेऱ्याला डोळा लावायचा नाही, ही यांच्यातली न बोललेली सभ्यता होती. दुसऱ्याचा टूथब्रश जसा. त्यामुळे इतके महिने तो कॅमेरा दर रविवारी त्या टेबलावर पडलेला असायचा आणि मालकाखेरीज कुणी त्यातून पाहिलेलं नव्हतं.

बेकरीवाला जवळ होता. त्यानं हात पँटला पुसले, कॅमेरा उचलला आणि खिडकीकडे वळला. रिंग फिरवली. पुन्हा फिरवली. कॅमेरा डोळ्यापासून दूर केला, समोरच्या इमारतीकडे नुसतं पाहिलं, परत डोळ्याला लावला.

"दादा," तो घाबऱ्या आवाजात म्हणाला, "मलाही दिसत नाही."

ड्रायव्हर खुर्चीतून अर्धवट उठला. "काय म्हणालास?"

"समोरच्या खिडक्या. नुसतं ताक! मलाही काही दिसत नाही, दादा. आपल्या दोघांनाही…"

"अरे वेड्या, इकडे दे," म्हणत ताईंनी कॅमेरा ओढून घेतला. पाहिलं. "मलाही नाही."

"मला द्या."

"मामा, तुमचा चष्मा…"

"माझं सोडा. मला कॅमेरा नसतानाही दिसत नाही." तरी मामांनी चष्मा कपाळावर ढकलला, बघितलं आणि कॅमेरा मांडीवर ठेवला. "दवाखान्यातल्या सगळ्यांचे डोळे एकाच दुपारी गेले म्हणायचे."

ड्रायव्हरला हसू येत नव्हतं, रडू येत नव्हतं. त्याला ते वाक्य पुन्हा ऐकायचं होतं. "परत सांग," तो बेकरीवाल्याला म्हणाला.

"काय?"

"मघाशी म्हणालास ते."

"मलाही दिसत नाही."

"आणखी एकदा."

चौकट ९

"उघडला होतास का हा?" मामांनी विचारलं.

"आतल्या काचेवर धुळीचा कण होता. बघताना सारखा मधे यायचा, माशी बसल्यासारखा. म्हणून ती काढली, फुंकली, पुसली आणि परत बसवली."

"कुठली बाजू खाली?"

ड्रायव्हरनं खुर्चीकडे पाहिलं. त्याला आता खुर्चीतला नियम फार सोयीचा वाटला असता.

ताईंनी वरचा दिवा लावला. तोंडात उजेड पाडायचा तो. लेन्स काढली, आतला छोटा आरसा दिसला, आणि आरशाच्या वर आडवी बसवलेली नखाएवढ्या जाडीची चौकोनी काच. बघणाऱ्याला चित्र दिसतं ते त्या काचेवर. तिची एक बाजू गुळगुळीत, एक खरखरीत. खरखरीत बाजूवर चित्र उमटतं, म्हणून ती खाली, आरशाकडे हवी. ताईंनी चिमटा उचलला, मनगट टेकवलं, आणि पेशंटला म्हणतात तसं कॅमेऱ्याला म्हणाल्या, "काही नाही हं, जरासंच." काच अलगद बाहेर आली. त्यांनी ती उजेडात तिरकी धरली, बोटाच्या टोकानं कड चाचपली.

"उलटी," त्या म्हणाल्या.

"उलटी!" बेकरीवाला म्हणाला.

"तिच्या जाडीएवढा फरक पडला," मामा म्हणाले. "तुझ्या डोळ्याला वाटायचं वहिनी लागल्या, आणि लेन्स जाऊन बसायची कॅलेंडरावर. आणि लांबचं तर डोळ्याला लागणारच नाही, तू कितीही रिंग पिळ. डोळे ठिकाणावर आहेत तुझे, सारथ्या. त्या दिवशी डोकं तेवढं नव्हतं."

इतक्या प्रेमानं कुणी त्याला आजवर मूर्ख म्हटलं नव्हतं.

ताईंनी काच पालथी करून बसवली, लेन्स लावली, कॅमेरा त्याच्या हातात दिला. तो खिडकीशी गेला. रिंग फिरवली, आणि समोरची इमारत धुक्यातून बाहेर येऊन उभी राहिली. वाळत घातलेल्या टॉवेलची किनार. तारेवरच्या पक्ष्याची चोच. सगळ्यात वर पाण्याची टाकी, आणि टाकीवर कुणीतरी ब्रशनं फराटलेली अक्षरं: 'झाकण लावत जा'.

त्यानं कॅमेरा खाली केला आणि नुसत्या डोळ्यांनी पाहिलं.

'झाकण लावत जा'.

हे त्याला पाठ नव्हतं. हे त्यानं जन्मात पाहिलेलं नव्हतं. हे तो वाचत होता.

"काय रे, काय दिसतंय?" मामांनी मागून विचारलं.

"झाकण लावत जा," ड्रायव्हर म्हणाला आणि त्याचा आवाज चिरकला.

"कुणाला बोलतोस?"

"मामा, टाकीवर लिहिलंय!"

"बरं, बरं. पण एक ऐक. डोळ्यांचं काय ते डोळ्यांच्या डॉक्टरला विचार. कॅमेऱ्यानं सांगितलं म्हणून घाबरलास, आता कॅमेऱ्यानं सांगितलं म्हणून नाचू नकोस."

तरी त्याच्या पायांनी जिना उतरताना काय करायचं ते केलंच.

चौकट १०

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. हातातला टॉवेल घडी करून ठेवला, परत उलगडला, परत घडी केली.

"म्हणजे इतके महिने तुम्ही हे एकट्यानं पोटात ठेवलंत?"

"तुला कशाला उगाच…"

"उगाच? आणि मी मागच्या महिन्यात तुमच्याच गाडीतून बाजारात गेले. पहिल्या सीटवर बसून!"

"सांभाळून चालवली ना पण."

"सांभाळून! बैलगाडी पुढे गेली आपल्या." तिनं टॉवेल बाजूला ठेवला. "तरीच. तरीच हल्ली माझ्याकडे असं टक लावून बघत बसायचात. जेवताना, भांडताना. मला वाटलं…"

"काय वाटलं?"

"काही नाही. जाऊ द्या."

"सांग तरी."

"मला वाटलं, या वयात पुन्हा प्रेमात पडलात की काय. म्हटलं, बोलायला नको, उतरेल."

खरं होतं ते. तो बघायचा, जवळचं दिसतंय तोवर चेहरा साठवून ठेवायचा म्हणून. हे तिला सांगावं का, याचा त्यानं क्षणभर विचार केला. मग खुर्ची पुढे ओढून अगदी जवळ बसला आणि तसंच टक लावून बघायला लागला.

"आता काय?" ती म्हणाली. "आता तर दिसतंय ना सगळं."

"म्हणूनच."

"चला, उठा. काहीतरीच." पण ती उठली नाही.

चौकट ११
(हललेली, पण काय आहे ते कळतं)

डेपोतली तपासणी. भिंतीवर अक्षरांचा तक्ता. ड्रायव्हर वरून खालपर्यंत घडाघडा वाचत गेला, तळाच्या मुंगीएवढ्या ओळीसकट. डॉक्टरनं मान डोलावली. "झालं. पास."

"साहेब, दुसरा तक्ता आहे का?"

"कशाला? पास झालात तुम्ही."

"हा मी दरवर्षी वाचतो. पाठ असेल."

डॉक्टरनं त्याच्याकडे चमत्कारिक नजरेनं पाहिलं. इथे लोक तक्ता पाठ करून यायचे; तो बदलून मागणारा पहिलाच. कपाटामागून धुळकट दुसरा तक्ता निघाला. ड्रायव्हरनं तोही वाचला. मग वडिलांचं सांगितलं. डॉक्टरनं दिवा लावून दोन्ही डोळ्यांच्या आत बराच वेळ पाहिलं.

"काही नाही आत. वडिलांचं होतं म्हणून दरवर्षी दाखवत जा, एवढंच. आणि वाचायला चष्मा घ्या. जवळचं कमी झालंय."

"जवळचं?"

"वयच आहे ते."

प्रिंटकडे धड न बघण्याचं निम्मं कारण तिथे होतं तर. ड्रायव्हर इतका खूश झाला की डॉक्टरला वाटलं, याला आपण चुकून काहीतरी दुसरंच सांगितलं.

चौकट १२

पुढच्या खेपेला रविवारी दोरीवर एकच फोटो होता. तेच टेबल, तीच भिंत, तीच बायको. नवा चष्मा नाकावर चढवून ड्रायव्हर खुर्चीत बसला. ताईंनी पायानं कळ दाबली. खुर्ची मागे कलली.

"दिसतं ते," मामा म्हणाले. "बेकरी, तू."

"वहिनी दिसतात." या वेळी तो नीट जवळ गेला. "सुई दिसते. दोरा दिसतो, दोऱ्याचं टोक जरा पिंजलेलं. वहिनींच्या भुवईत एक पांढरा केस. आणि त्या… मामा, त्या हसू दाबतायत. हे दिसतंय, वाटत नाहीये."

"दिसतंय," मामांनी मान्य केलं. भिंग टेकवलं, वाकले, बराच वेळ वाकून राहिले. खुर्चीतल्यानं मान उंचावली. "कॅलेंडर गेलं," शेवटी ते म्हणाले. "एकोणीस तारखेला दूध हवं की नको, काही कळायला मार्ग नाही. बाकी ठीक आहे."

मामांकडून 'ठीक आहे' म्हणजे दुसऱ्याकडून पाया पडणं.

"आता वाटतं ते," ताई म्हणाल्या.

बेकरीवाल्यानं मोठा सुस्कारा सोडला. "मला वाटतं… म्हणजे रागावू नका दादा… फोटो चांगलाच आहे. पण पूर्वीची ती तरलता काही राहिली नाही."

ड्रायव्हरनं ओठ आवळले. गाल फुगवले. छताकडे बघितलं. डावा हात वर करावा का, तेही त्याला कळेना, कारण हे दुखणं नव्हतं. आणि मग त्या खुर्चीत, रविवारच्या दुपारी, नियम मोडून एक माणूस तोंड पूर्ण उघडून हसत सुटला, असा की खुर्चीचे सांधे कुरकुरले, दोरीवरचा फोटो हलला, मामांच्या छातीवरचं भिंग हिंदकळलं.

ताई मात्र हसता हसता थांबल्या. त्यांनी हात वर करून दिवा लावला आणि त्याच्या तोंडावर ओढला.

"तसंच ठेवा," त्या म्हणाल्या. "मिटू नका. ती खालची दाढ कधीपासून आहे अशी?"